चार पेट्या आणि एक जडवालं

बोगद्यात पाणी झिरपतं तसे हे किस्से झिरपतात. सकाळी पंप लावून खड्डा कोरडा करावा, दुपारी जाऊन बघावं तर पुन्हा घोट्यापर्यंत पाणी! कुठून आलं ते दिसत नाही, पण आलेलं असतं. मी पंपावरचा माणूस, म्हणून मला हाच दाखला सुचतो. आता सकाळी नाशिक रोडला दूध केंद्रासमोरच्या बाकावर आम्ही चार म्हातारे बसतो. कोणीतरी म्हणतं, "तात्या, बोगद्यातलं सांगा काहीतरी." मी एक सांगतो, तोवर मागून दुसरा आलेला असतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पेठच्या बाजूच्या डोंगरात पाण्याच्या योजनेसाठी एक बोगदा खणायला घेतला होता. योजना अर्धवट राहिली, बोगदा राहिला, आणि बोगद्याबरोबर पंपावर मीही राहिलो. नव्वद सालानंतर तिथे देसाई सर आले. मोठे शास्त्रज्ञ. आत फिरले, हात लावून दगड बघितला आणि म्हणाले, "वा! किती छान अंधार आहे!" नाशिकला लोक द्राक्षाला येतात, देवाला येतात. अंधाराचं कौतुक करणारा पाहुणा मी पहिल्यांदाच बघितला.

मग तिथे चार मोठ्या लोखंडी पेट्या आल्या, एकीवर एक अशा रचलेल्या. आणि माणसंही चारच. सर, त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट करणाऱ्या नीला मॅडम, जीपवर सायखेड्याचा दशरथ, आणि मी. पुढची किती वर्षं आम्ही चौघं त्या चार पेट्यांसमोर बसून होतो. काय शोधत होतो? तिथूनच वैताग सुरू होतो.

* * *

पहिल्याच आठवड्यात सरांनी मला आणि दशरथला समोर बसवून समजावलं होतं. चांगला माणूस. आमच्यासारख्यांना काय कळणार, असं त्यांनी कधी म्हटलं नाही.

म्हणाले, "जगात जेवढं दिसतं, त्याच्या कितीतरी पट न दिसणारं आहे. ते कशाचं बनलंय हे कोणालाच माहीत नाही. आमचा अंदाज असा, की ते फार फार जड कणांचं असावं. आणि जितके कण जड, तितके ते संख्येने कमी. म्हणून फार क्वचित एखादा इथून जाईल."

दशरथ म्हणाला, "जड हाय तर खाली बसंल ना सर? टाकीत गाळ बसतो तसं?"

"नाही. तो कशालाच अडत नाही. डोंगरातून जातो, पेट्यांतून जातो, तुझ्या-माझ्यातूनही जातो आणि खाली पृथ्वीतून पार निघून जातो. आकाशातून दुसरे पुष्कळ कण येतात, ते बहुतेक डोंगर अडवतो. म्हणून आपण डोंगराखाली बसलोय."

"आपल्यातून गेलं तर दुखतं का?"

"छे! कळतसुद्धा नाही."

"काही बिघडवतं का?"

"काही नाही."

दशरथ म्हणाला, "मग जाऊ द्या की सर!"

सर हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांचं सगळं शिक्षण त्या पेट्यांवर टांगलेलं होतं. मोठ्या लोकांची एक कमिटी अधूनमधून येऊन काम बघायची, आणि पुढे पुढे तर तिने बजावूनच ठेवलं होतं की पुढच्या भेटीपर्यंत एखादी तरी खूण दिसली पाहिजे, नाहीतर बोगदा बंद. मॅडमचे वडील सिन्नरला. दर रविवारी त्यांचा फोन यायचा आणि पहिलाच प्रश्न, "सापडलं का गं?" मॅडम म्हणायच्या, "नाही बाबा." मग पलीकडून लग्नाचा विषय निघायचा.

त्या दिवसापासून दशरथने त्या कणाचं नाव ठेवलं 'जडवालं'. पुढे सरसुद्धा तेच म्हणायला लागले.

* * *

आता पेट्या कशा आल्या ते सांगतो.

पेटीत तेलासारखा एक द्रव भरायचा. कण त्यातून गेला की बारीकसा उजेड होतो, आणि पेटीच्या कोपऱ्यांत बसवलेले काचेचे डोळे तो उजेड टिपतात. एवढासा उजेड दिसायचा म्हणजे पेटीत बाहेरच्या उजेडाचा ठिपकाही यायला नको. या पेट्या अंबडला बोरस्ते शेठच्या वर्कशॉपमध्ये बनवायला दिल्या होत्या.

शेठ म्हणाले, "लीकप्रूफ ना? बनवतो. पाण्याला का तेलाला?"

सर म्हणाले, "तेलाला आणि उजेडाला."

"उजेडाला?" शेठने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार!

शेठ कामाचा पक्का. वेल्डिंग असं केलं की बोट फिरवलं तरी सांधा लागू नये. पहिली पेटी तयार झाली तेव्हा आम्ही टेम्पो घेऊन गेलो. शेठने पेढे आणून ठेवले होते. पेटीवरची ताडपत्री स्वतः ओढली आणि म्हणाले, "सर, तुम्ही सांगितलं नव्हतं, पण मी माझ्या मनाने एक सोय केलीय. एवढी महागाची वस्तू, आत काय चाललंय ते दिसायला नको?"

पेटीच्या बरोबर मध्यभागी, पितळी कडं लावून, वीतभर गोल काच बसवली होती!

 सरांच्या हातात पेढा होता, तो त्यांनी सावकाश तोंडात टाकला. शेठ म्हणाले, "त्याचे पैसे वेगळे लावले नाहीत हं. माझ्याकडून."

* * *

कामाला लागल्यावर बाहेरच्यांना काय सांगायचं, हा रोजचा ताप. आमच्या गल्लीत गायकवाड म्हणून आहेत, नोटांच्या छापखान्यातून रिटायर झालेले. त्यांनी एकदा मला बाकावर धरलं.

"तात्या, तुम्ही तिथे नेमकं काय करता?"

"शोधतोय एक वस्तू."

"कशी दिसते?"

"दिसत नाही."

"कुठे ठेवली होती?"

"कोणी ठेवली नव्हती."

"मग ती आहे कशावरून?"

"सर म्हणतात, असावी."

गायकवाडांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "आमच्याकडे एक कागद कमी भरला तरी गेट बंद करून सगळ्यांची झडती व्हायची. मिळेपर्यंत कोणी घरी जायचं नाही. आणि तुमच्याकडे काय हरवलंय तेच माहीत नाही, कोणाचं हरवलंय ते माहीत नाही, आणि रोज संध्याकाळी तुम्ही खुशाल घरी येता!"

मी म्हटलं, "हो."

 सरांना येऊन सांगितलं, तर ते म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे." अशा वेळी सरांचाही राग यायचा. निदान त्यांनी तरी आपली बाजू घ्यावी!

* * *

दोन हजारनंतरचं लोडशेडिंग आठवतं ना? तासन्‌तास वीज नाही. जनरेटर होता, पण तो सुरू होईपर्यंत सगळी यंत्रं बसायची आणि पुन्हा जागेवर आणायला मॅडमना अर्धा दिवस लागायचा. शेवटी सर आणि मी वीज कार्यालयात गेलो. तिथले साहेब तरुण होते, बोलायला नीट होते. दारात शेतकऱ्यांची रांग, आत फोन सारखा वाजतोय.

सर म्हणाले, "आमची लाईन चोवीस तास चालू ठेवता येईल का?"

"हॉस्पिटल आहे का?"

"नाही. आम्ही एका कणाची वाट बघतोय. तो कधीही येऊ शकतो."

"अंदाजे कधी?"

सर खरं बोलणारे. म्हणाले, "उद्या येईल. किंवा दहा वर्षांनी. किंवा येणारही नाही."

साहेबांनी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघितलं, मग सरांकडे बघितलं, आणि अगदी मनापासून म्हणाले, "असं करा सर, तुमच्या गावाची वीज सोमवार-मंगळवार सकाळी जाते. बाकी दिवशी येऊ दे त्याला!"

बाहेर आल्यावर सर जीपमध्ये बसून इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. मला हसू आलं नाही. सोमवारी-मंगळवारी पंपही बंद पडायचा, तो जनरेटरवर नव्हता, आणि बादल्या मी उपसायचो.

* * *

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. वर्कशॉपमध्ये होते, शेतात होते, मग बोगद्यात का नाही? दशरथने जीपला हार घातला, मी पंपाला हळदकुंकू वाहिलं. मग दशरथ पेट्यांकडे निघाला.

मॅडम आडव्या आल्या. "उदबत्ती नाही. निरांजन नाही. नारळ इथे फोडायचा नाही."

"मग नुसता हार तरी?"

"एक हार. बाहेरून."

झेंडूचा जाडजूड हार दशरथच्याच मळ्यातला. तो वरच्या पेटीला घातला, आणि आम्ही सुट्टीला घरी गेलो.

दसऱ्यानंतर आलो, आतले दिवे लावले, आणि वरची पेटी यंत्रावर नुसती बोंबलायला लागली! मॅडमचा चेहरा असा झाला, की आता काय सांगू! सकाळभर त्या यंत्रापुढून हलल्या नाहीत. दिवे बंद केले की पेटी गप्प. दिवे लावले की ओरड. म्हणजे उजेड आत शिरत होता. कुठून, ते काही सापडेना. पेट्यांच्या झाकणांच्या सांध्यांवर काळी चिकटपट्टी लावलेली असायची, तिच्यावरून मॅडम बोट फिरवत चालल्या. शेवटी वाळलेला हार उचलला, तर त्याच्या मागे पट्टी कुरतडून भोक पडलेलं. उंदीर!

"नुसत्या हाराला उंदीर येत नाही," मॅडम म्हणाल्या. "इथे खायचं कोणी ठेवलं होतं?"

दशरथने कानाला हात लावले. मी नाही म्हटलं. मग मॅडमनी सरांकडे बघितलं. सर छताकडे बघत होते.

"गूळ-खोबरं. थोडंसंच ठेवलं होतं," सर म्हणाले. "इतकी वर्षं काही येत नाही. म्हटलं, बघावं."

मॅडम मटकन स्टुलावर बसल्या. "सर, आपण उंदीरच शोधायला घेऊ. तो निदान येतो तरी!"

* * *

यापेक्षा मोठा घोळ दशरथने घातला. पावसाळा होता. एके दिवशी सर्वांत खालच्या पेटीतले ठोके, म्हणजे यंत्र मोजतं ते उजेडाचे ठिपके, वाढले. दुसऱ्या दिवशीही तसेच. मॅडमनी तारा बदलल्या, डोळे बदलले, तेल तपासलं. ठोके वाढलेलेच. सर मुंबईहून नवीन सामान घेऊन आले. तेही लावलं. ठोके तेवढेच!

आता दोघांची चलबिचल सुरू झाली. जडवाल्याची ही खूण नव्हे, हे त्यांना माहीत होतं. जडवालं वरच्या पेटीतून शिरून चौथीतून बाहेर पडायला हवं, एका सरळ रेघेत. शिवाय ते आकाशातल्या साध्या कणांपेक्षा फार सावकाश जाणार. साधा कण चारही पेट्या एका झटक्यात पार करतो. जडवालं पहिली, मग दुसरी, मग तिसरी, मग चौथी, असं जाणार. आपल्या डोळ्याला दोन्ही सारखंच, पण यंत्राला तो फरक कळतो. तरीपण माणसाची आशा असते. मॅडम जेवणाचा डबा उघडायच्या आणि तसाच झाकून ठेवायच्या. रविवारी वडिलांच्या फोनवर पहिल्यांदाच म्हणाल्या, "काहीतरी दिसतंय बाबा. काय आहे ते माहीत नाही."

मग एका सकाळी त्यांनी हातात धरायचं टिकटिक यंत्र घेतलं आणि पेटीभोवती फिरायला लागल्या. पेटीच्या मागे भिंतीत एक कोनाडा होता, खोलीएवढा. तिकडे गेल्या तशी टिकटिक वाढली. कोनाड्यात ताडपत्री होती. ताडपत्री उचलली, तर खाली पोती!

"दशरथ!"

दशरथ धावत आला. पोत्यांकडे बघून हसला. "ते खत हाय मॅडम. पोटॅश. द्राक्षाला टाकायचं. घरी पत्रा गळतो, म्हटलं इथं कोरडं ऱ्हाईल. अन् तात्या असतातच राखणीला."

मला त्या पोत्यांचा पत्ताच नव्हता! कोनाड्याकडे माझा पंप नाही, मी तिकडे कशाला जाऊ?

मॅडमनी खाली बसून घेतलं. मग अगदी हळू आवाजात सांगितलं, की पोटॅशमधून कायम बारीक किरण निघत असतात, आणि तीन आठवडे त्या तेच मोजत होत्या.

दशरथ घाबरला. "किरण? मंग आम्ही ती द्राक्षं खातो त्याचं काय?"

"खा खुशाल. केळ्यातही असतं. तुझ्यातही आहे, माझ्यातही आहे. पण माझ्या पेटीजवळ नको!"

सर आले. त्यांनी पोती बघितली, ताडपत्री बघितली, दशरथकडे बघितलं. आता ओरडणार, असं मला वाटलं. तेवढ्यात दशरथच म्हणाला, "पण सर, यंत्र लय भारी हाय हां तुमचं! एवढ्या वर्षांत ते जडवालं दिसंना, पण माझी पोती बरोब्बर दिसली!"

सर म्हणाले, "हे मात्र खरं आहे." आणि पोती बाहेर काढायला स्वतः हात लावला. एक पोतं मात्र ठेवून घेतलं, यंत्र नीट चालतंय का ते अधूनमधून तपासायला. दशरथ दर हंगामाला विचारायचा, "सर, झालं असंल तपासून तर नेऊ का?"

त्या रविवारी मॅडमनी फोन घेतला नाही. मीच उचलला. पलीकडून आवाज आला, "काय होतं ते? कळलं का?" मी म्हटलं, "कळलं. खत होतं."  मग म्हणाले, "जेवते ना नीट?"

* * *

कमिटीची तारीख जवळ यायला लागली तसे सर मॅडमना धीर द्यायला लागले. म्हणायचे, "नीला, न सापडणं हाही निकालच असतो. ते इथे या वजनाचं, एवढ्या संख्येने नाही, हे आपण सांगू शकतो. पुढच्या माणसाला तेवढा रस्ता कमी."

मॅडमना हे पटायचं, पण बरं वाटायचं नाही. दशरथला मात्र ते वाक्य फारच आवडलं.

तेव्हा तो मेहुण्यासाठी मुलगी बघत हिंडत होता. निफाड झालं, दिंडोरी झालं, चांदवड झालं. कुठेच जमेना. बायको रोज विचारायची. एका संध्याकाळी दमून घरी गेला, तर बायकोने दारातच विचारलं, "काय झालं?"

दशरथ म्हणाला, "न सापडणं हाबी निकालच असतो."

ती आत निघून गेली. तो हातपाय धुऊन आला, पाटावर बसला. समोर रिकामं ताट.

"जेवण?"

"चूल न पेटवणं हाबी सैपाकच असतो. करा सुरू!"

दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यातली अर्धी भाकरी दशरथने खाल्ली आणि सरांना म्हणाला, "सर, ते वाक्य तुम्ही कमिटीला नका सांगू. त्यांच्याबी घरी बायका असत्यात."

* * *

कमिटी आली. तीन जण होते, पण बोलणारे एकटे अध्यक्षच. वयस्कर, अंगाने चांगले भरलेले, स्वभावाने वाईट नव्हते. पेट्यांच्या वरच्या अंगाला एक लोखंडी मचाण होतं, शिडी चढून जायचं. वरून चारही पेट्यांची रचना दिसायची. अध्यक्ष म्हणाले, "मी वर जाऊन बघणार." गेले. आणि वर गेल्यावर त्यांना खाली बघवेना!

"जरा बसतो," म्हणाले.

मग आम्ही वर खुर्ची पोचवली. प्लॅस्टिकची. मग पाणी पोचवलं. मग चहा. अध्यक्ष मचाणावर खुर्ची टाकून चहा पितायत, खाली सर मान वर करून अहवाल सांगतायत, आणि मॅडम तक्ते उंच धरून दाखवतायत. असला कार्यक्रम मी जन्मात बघितला नव्हता.

वरून अध्यक्ष म्हणाले, "एवढ्या वर्षांत एकदाही नाही? अहो, एकदा तरी यायला काय हरकत होती त्याला?"

सरांनी मॅडमना पुढचा तक्ता वर धरायला सांगितला. अध्यक्ष म्हणाले, "माझा एक फोटो घ्या इथे." दशरथने कॅमेरा आणला होता. फ्लॅश पाडून खालून चारही पेट्यांसकट फोटो काढला. मग दोघांनी धरून अध्यक्षांना खाली उतरवलं, आणि जीपमध्ये बसता बसता ते सरांना म्हणाले, "काम प्रामाणिक आहे हो तुमचं. पण काही दिसलं नाही, तर मी तरी काय लिहू?"

ते गेल्यावर मॅडम यंत्रापाशी जाऊन बसल्या. आमचा एक नियम होता, मॅडमनीच घातलेला. पेट्यांच्या खोलीचं दार उघडून कोणी आत आलं, की दाराजवळचं बटण दाबायचं. बटण दाबलेलं असताना यंत्र चालू राहायचं, पण त्या वेळातलं काहीही मोजायचं नाही. माणसं धक्का देतात, दिवे लावतात, म्हणून. त्या दिवशी बटण मीच दाबलं होतं.

थोड्या वेळाने मॅडम म्हणाल्या, "सर, इकडे या."

आवाज असा होता की मी आणि दशरथही गेलो.

पहिली पेटी. मग दुसरी. मग तिसरी. मग चौथी. सावकाश, एका सरळ रेघेत. बटण दाबलेल्या वेळातलं.

सर खुर्ची ओढून बसले. "फ्लॅश असेल," म्हणाले.

"फ्लॅश चारही पेट्यांत एकाच क्षणी दिसला असता. आणि पट्टी मी सकाळीच तपासली होती."

"कोणीतरी शिडी आपटली असेल."

"मग सरळ रेघ आली नसती."

दोघांनी सगळं तपासलं. तारा, डोळे, तेल, पट्टी. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शिडी आपटून बघितली, पेट्यांवर फ्लॅश पाडून बघितला. तसली खूण पुन्हा उमटली नाही. कोणत्या पेटीत कुठल्या कोपऱ्याशी उजेड झाला, हेही यंत्राला कळायचं. त्यावरून मॅडमनी कागदावर रेघ काढली आणि ती वर वाढवत नेली. मग मला म्हणाल्या, "तात्या, मचाणावर खुर्ची कुठे ठेवली होती?"

मी वर जाऊन जागा दाखवली. मॅडमनी टेप लावून मोजलं. पुन्हा मोजलं.

दशरथ खालून म्हणाला, "मंजी सायबाच्या अंगातून..."

"दशरथ, गप," सर म्हणाले.

सरांनी चष्मा काढला. "नीला, हे दाखवलं तर बोगदा बंद होणार नाही. दार उघडं होतं, माणसं आत होती, सगळं लिहू. काही लपवायचं नाही."

मॅडमनी कागदावरची रेघ पुन्हा एकदा बघितली. मग म्हणाल्या, "आपल्याला हवं होतं म्हणून नियम मोडला, असंच होईल ना सर? दुसऱ्या कोणी असं मोजलं असतं तर आपण मानलं असतं?"

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मॅडमनी यंत्राला तो वेळ गाळायला सांगितलं. निकालाच्या जागी शून्य आलं. मी पंप बंद करायला निघून गेलो, कारण तिथे उभं राहवेना.

महिन्याभरात बोगदा बंद करायचा हुकूम आला. आम्ही सामान बांधत होतो, तेव्हा अध्यक्षांचा फोन आला. वाईट वाटलं म्हणाले, सर्वांची चौकशी केली, आणि म्हणाले, "तो मचाणावरचा माझा फोटो चांगला आला असेल तर पाठवा."

मॅडमनी नाशिक रोडच्या स्टुडिओतून फोटो मोठा करून आणला. टेबलावर ठेवला, पट्टी घेतली, आणि काळ्या शाईच्या बारीक पेनाने एक सरळ रेघ ओढली. वरून आली, अध्यक्षांच्या डोक्यातून, चहाच्या कपातून, खुर्चीतून, चारही पेट्यांतून खाली जमिनीत गेली. मागे काही लिहिलं नाही. पाकिटात घातला आणि पोस्टात टाकला.

आठ-दहा दिवसांनी पुन्हा फोन. मीच उचलला. अध्यक्ष म्हणाले, "फोटो पोचला, फार छान आलाय. पण त्यावर ओरखडा पडलाय हो, वरपासून खालपर्यंत! दुसरी कॉपी मिळेल का?"

मी फोन हातात धरून मॅडमना विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "देऊ म्हणावं."

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरी कॉपी पाठवली. बिनरेघेची.